दुसऱ्याचे चित्र, आपली वेबसाइट : परवानगीचा कागद कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. भिवंडीतल्या आमच्या दुकानाच्या पत्त्यावर एका वकिलाची नोटीस आली. आम्ही ठोक भावाने ड्रेस मटेरियल विकतो. कोणाचे तरी पेमेंट अडकले असेल असे वाटून पाकीट उघडले, तर आत वेगळेच प्रकरण निघाले. आमच्या वेबसाइटवर जी 11 छायाचित्रे झळकत होती ती दुसऱ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याने स्वतःच्या कॅटलॉगसाठी पैसे देऊन काढून घेतली होती. ती विनापरवानगी वापरली म्हणून त्यांनी भरपाई मागितली होती.

वेबसाइट आमच्याच मोहल्ल्यातल्या एका मुलाने बनवली होती. त्याला बोलावून घेतले. रागाच्या भरात मी बरेच बोललो. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच म्हणाला, "चाचा, मी फोटो मागितले तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, चांगले बघून कुठूनही टाक म्हणून?"

खरे होते. मी तसे म्हणालो होतो. वेबसाइटचे त्याला 12,000 रुपये दिले होते. समझोत्यात 35,000 रुपये गेले, वकिलाची फी वेगळी. परंतु पैशापेक्षा एक गोष्ट मनाला अधिक लागली. 30 वर्षे धंदा केला, दुसऱ्याच्या थानातले वीतभर कापड कधी आपले म्हटले नाही, आणि इथे 11 वेळा दुसऱ्याचा माल स्वतःच्या दुकानात मांडून बसलो होतो. तेव्हापासून हा विषय वकिलांकडून समजून घेतला, कायदा वाचून घेतला. आज आपल्या वस्त्यांतील अनेक मुले-मुली घरी बसून वेबसाइट बनवतात, आणि छोटे व्यापारी त्यांच्याकडून काम करून घेतात. दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

इंटरनेटवर दिसते ते बेवारस नसते

पहिला गैरसमज असा की जे इंटरनेटवर दिसते ते सर्वांचे. भारतात कॉपीराइटचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा कायदा 1957 चा आहे. त्या कायद्याप्रमाणे छायाचित्र, चित्र, नकाशा, लेख, संगीत, चित्रपट आणि कॉम्प्युटरचा प्रोग्रामसुद्धा निर्माण होताच त्यावर हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. चित्राखाली वर्तुळातले 'सी' हे चिन्ह असलेच पाहिजे असेही नाही. चिन्ह नाही म्हणून मालक नाही, असे समजणे म्हणजे थानावर चिठ्ठी नाही म्हणून ते उचलून नेण्यासारखे आहे.

हा हक्क किती काळ टिकतो? साधारणपणे निर्मात्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. पूर्वी ही मुदत 50 वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर 1941 साली वारले. त्यांच्या साहित्यावरील हक्क 1991 च्या अखेरीस संपत होता, त्या सुमारास मुदत वाढवून 60 वर्षे करण्यात आली. छायाचित्रांसाठी पूर्वी प्रसिद्धीपासून 60 वर्षे असा वेगळा हिशेब होता. 2012 च्या दुरुस्तीने तो फरक काढून टाकला. तेव्हा आज मोबाइलवर काढलेल्या साध्या फोटोचा हक्कही आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत चालू शकतो.

मात्र कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, कल्पना ज्या रूपात उतरली त्या रूपाला देतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या नाटकासंबंधीच्या खटल्यात हे स्पष्ट केले. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर कैरीची बुट्टी कोणा एकाची नाही, ती शेकडो वर्षे चालत आलेली आहे. परंतु एखाद्या डिझाइनरने बसून, पाने-फुले जोडून जी विशिष्ट कैरी काढली, ते रेखाटन त्याचे आहे. त्याचप्रमाणे 'वरती पट्टी, खाली मालाचे चौकोन' ही वेबसाइटची साधी पद्धत कोणाची मालमत्ता नाही. पण दुसऱ्याच्या वेबसाइटवरील मजकूर, चित्रे आणि कोड जशाच्या तशा उचलणे हे उल्लंघन आहे.

पैसे दिले, पण मालक कोण?

दुसरा गैरसमज आम्हा व्यापाऱ्यांचा. आम्हाला वाटते, पैसे मोजले म्हणजे माल आपला. कापडात ते खरे आहे, इथे नेहमी खरे नसते.

कायद्याचे 17 वे कलम पहिला मालक कोण ते सांगते. त्यातील तीन बाबी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, आपण पैसे देऊन छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेतले आणि उलट करार केलेला नसेल, तर फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. आमच्या प्रकरणात नोटीस छायाचित्रकाराची नव्हे तर त्या व्यापाऱ्याची आली, ती यामुळेच.

दुसरी, आपल्याकडे पगारावर असलेल्या नोकराने नोकरीचा भाग म्हणून काम केले असेल, तर करार नसल्यास मालक नोकरी देणारा.

तिसरी, बाहेरच्या स्वतंत्र डिझाइनरला ठराविक रकमेत काम दिले, तर वेबसाइटचा कोड, तिची मांडणी आणि त्याने लिहिलेला मजकूर यांचा हक्क लेखी करार नसल्यास त्याच्याकडेच राहतो. व्यापाऱ्याला वापरण्याची मुभा मिळते, मालकी मिळत नाही. उद्या त्याच वेबसाइटची दुसरी प्रत काढायची झाली की भांडण सुरू होते.

मालकी हवी असेल तर ती लेखी आणि सही करून द्यावी लागते. 19 व्या कलमाप्रमाणे त्या कागदात काम कोणते, हक्क कोणते, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे लिहावे लागते. मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षांचीच मानली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. आता विचार करा, वेबसाइट तर दुबईतही दिसते आणि मॉरिशसमध्येही. म्हणून 'सर्व जगासाठी, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी' हे शब्द कागदावर असणे गरजेचे आहे. आणखी एक बारकावा असा की घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे लिहिले नसल्यास तो संपतो.

खरेदी, भाडे आणि 'साभार'

परवानगी दोन प्रकारची असते. एक, हक्क कायमचा किंवा काही काळासाठी नावावर करून घेणे. ही खरेदी झाली. दुसरा प्रकार लायसनचा. मालकी मालकाकडे राहते, आपल्याला ठरलेल्या अटींवर वापर मिळतो. हे दुकान भाड्याने घेण्यासारखे आहे. भाडेकरूने भिंत पाडायची नसते आणि पोटभाडेकरूही ठेवायचा नसतो. लायसनही लेखी हवे. 2012 च्या दुरुस्तीने त्यातील सहीची अट काढली आहे. त्यामुळे मालकाकडून आलेला स्पष्ट ई-मेलसुद्धा जपून ठेवावा. तोंडी 'घ्या हो' पुढे कामी येत नाही.

बाजारात चित्रे विकणाऱ्या कंपन्या 'रॉयल्टी फ्री' असा शब्द वापरतात. आपली मुले त्यातला 'फ्री' तेवढा वाचतात. त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरले की प्रत्येक वापरासाठी पुन्हा पुन्हा मोबदला द्यावा लागत नाही, इतकाच त्याचा अर्थ. आणि ते लायसन ज्याच्या नावावर घेतले त्याचेच असते. एका गिऱ्हाईकासाठी घेतलेले चित्र डिझाइनर दहा गिऱ्हाइकांना वाटू शकतो की नाही, हे अटी वाचूनच ठरते.

काही निर्माते आपली चित्रे 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाच्या जाहीर परवानगीखाली ठेवतात. ही परवानगी 2002 पासून चालू आहे. तिच्यातही जाती आहेत. एकीत फक्त नाव द्यावे लागते. एकीत धंद्यासाठी वापर करता येत नाही. तिसरीत चित्रात बदल करता येत नाही. चौथीत आपण त्यापासून जे बनवू तेही त्याच अटीवर इतरांना खुले करावे लागते. दुकानाची वेबसाइट हा धंदाच आहे. तेव्हा 'धंद्यासाठी नाही' अशी अट असलेले चित्र तिथे चालणार नाही, मग खाली कितीही मोठ्या अक्षरात नाव लिहा.

आणि हा 'साभार' शब्द! चित्राखाली 'साभार' लिहिले की आपण मोकळे झालो असे अनेकांना वाटते. नाव देणे वेगळे आणि परवानगी घेणे वेगळे. कोणाच्या बागेतला आंबा तोडून 'बाग अमक्याची' असे सांगितल्याने तो आंबा आपला होत नाही. उलट परवानगी मिळाली म्हणून नाव गाळूनही चालत नाही. 57 व्या कलमाप्रमाणे आपण निर्माता आहोत असे सांगण्याचा आणि आपल्या कामाची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा हक्क निर्मात्याकडे मालकी विकल्यावरही राहतो.

अभ्यास, टीका, परीक्षण, बातमी यांसाठी कायद्याने काही सूट दिली आहे. ती 52 व्या कलमात आहे. परंतु माल विकण्यासाठी लावलेले चित्र त्या सवलतीत सहसा बसत नाही, हे व्यापाऱ्यांनी समजून असावे.

अक्षरालाही मालक असतो

चित्राचा हक्क आता बऱ्याच जणांना पटतो, पण फाँटचा पटत नाही. माझ्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला हे उदाहरण लवकर समजते. कॉम्प्युटर येण्यापूर्वी उर्दू वर्तमानपत्र कातिब हाताने लिहीत. नस्तालिक लिपी यंत्रावर बसत नसे, कारण तिच्यातले अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे आकार बदलते. मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाने हजारो जोड-आकार हाताने लिहून काढले आणि 1981 साली मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने 'नूरी नस्तालिक' यंत्रावर आली. एका माणसाच्या मनगटाचे ते कष्ट आहेत. त्याची चोरलेली प्रत पेन ड्राइव्हवरून या हातातून त्या हातात फिरवताना आपल्याला काही वाटत नाही.

मराठी फाँटचीही तीच कथा. फाँट हे एक सॉफ्टवेअर आहे आणि त्याला लायसन असते. छपाईसाठी घेतलेला फाँट वेबसाइटवर चालतोच असे नाही, पुष्कळदा त्याचे लायसन वेगळे घ्यावे लागते. चोरी करण्याचे कारणही आता उरलेले नाही. 'नोटो नस्तालिक उर्दू' आणि 'नोटो सान्स देवनागरी' यांसारखे फाँट खुल्या लायसनखाली विनामूल्य मिळतात आणि धंद्यासाठीही वापरता येतात.

डिझाइनचे सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून वापरणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. कॉम्प्युटर प्रोग्रामची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास 63-ब कलमाखाली कमीत कमी 7 दिवस ते 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. पण गिऱ्हाइकाचे काम करणाऱ्याला ही पळवाट कशी मिळेल?

कापडाचे डिझाइन : इथे हिशेब वेगळा

आपल्या वाचकांत कापडवाले पुष्कळ आहेत, म्हणून हा मुद्दा सविस्तर सांगतो. कापडावरील नक्षीला दोन कायदे लागू होऊ शकतात. एक कॉपीराइटचा आणि दुसरा 2000 सालचा डिझाइन कायदा. कॉपीराइट कायद्याचे 15 वे कलम म्हणते की जी नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिचा माल कारखान्यात 50 पेक्षा जास्त वेळा निघाला की तिच्यावरील कॉपीराइट संपतो. मायक्रोफायबर्स नावाच्या अमेरिकन कंपनीचा सोफ्याच्या कापडावरील नक्षीबद्दलचा खटला दिल्ली उच्च न्यायालयापुढे चालला. 2009 साली खंडपीठाने याच कारणाने कंपनीचा दावा मान्य केला नाही. पॉवरलूमवर 50 नग निघायला किती वेळ लागतो हे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या माणसाला सांगायला नको!

म्हणून चांगली नक्षी नोंदवावी. नोंदणी 10 वर्षांची मिळते, ती आणखी 5 वर्षे वाढवता येते. परंतु नोंदणीसाठी नक्षी नवी असावी लागते आणि अर्जापूर्वी ती कुठेही जाहीर झालेली नसावी. येथे वेबसाइटवाल्याचा थेट संबंध येतो. शेठने दिलेले नवे नमुने उत्साहाने आधीच वेबसाइटवर किंवा व्हॉट्सअॅपच्या जाहीर गटात टाकले तर नवेपणा गेला, आणि त्याबरोबर नोंदणीही गेली. तेव्हा डिझाइनरने आधी विचारावे, "या नमुन्याचा अर्ज भरला आहे काय?" या एका प्रश्नाने व्यापाऱ्याचा वर्षाचा माल वाचू शकतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. नक्षीवरील हक्क संपला तरी त्या कापडाच्या छायाचित्रावरील हक्क संपत नाही. तसेच कापड आपण विकत आणले असेल, तर त्याचा फोटो आपण स्वतः काढावा. गिरणीच्या किंवा दुसऱ्या दुकानदाराच्या कॅटलॉगमधला फोटो घ्यायचा असेल तर विचारून घ्यावा. बहुतेक गिरण्या आपल्या विक्रेत्याला अशी परवानगी आनंदाने देतात. विचारायला एक फोन लागतो.

नावांचीही अशीच गोष्ट आहे. पैठणी आणि सोलापुरी चादर यांना भौगोलिक ओळखीच्या 1999 च्या कायद्याखाली नोंदणी मिळालेली आहे. दुसरीकडे पॉवरलूमवर काढलेल्या साडीवर 'अस्सल हातमागाची पैठणी' असे वेबसाइटवर लिहिणे म्हणजे विणकराच्या नावावर हात मारणे आहे. शेठने सांगितले म्हणून लिहिले, एवढ्याने लिहिणाऱ्याचे मन मोकळे होऊ नये.

चित्रातल्या माणसाची परवानगी

फोटो काढणाऱ्याची परवानगी घेतली तरी फोटोत असलेल्या माणसाचा प्रश्न उरतो. दुकानात खरेदीला आलेल्या भगिनींचे, लग्नातल्या वधूचे किंवा मागावर काम करणाऱ्या कारागिराचे फोटो सर्रास जाहिरातीत लावले जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली पुट्टास्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आहे. कायद्याचे राहू द्या. आपल्या बहिणीचा फोटो एखाद्या अनोळखी दुकानाच्या जाहिरातीत दिसला तर आपल्याला काय वाटेल, हा विचार पुरेसा आहे. विचारून, काय कामासाठी ते सांगून, लेखी संमती घ्यावी. नाही म्हटले तर वाईट वाटून घेऊ नये.

चूक झाली तर काय होते?

हक्काचा मालक न्यायालयातून मनाई हुकूम, भरपाई आणि झालेल्या नफ्याचा हिशेब मागू शकतो. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास 63 व्या कलमाखाली 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली निट प्रो कंपनीच्या खटल्यात सांगितले. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

उलट आपलेच चित्र कोणी उचलले तर? आधी त्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवावी. आपला मूळ फोटो, त्याचे बिल किंवा ई-मेल हे पुरावे जपावेत. मग वापरणाऱ्याला सभ्य भाषेत पत्र लिहावे. बऱ्याच वेळा अज्ञानाने झालेले असते आणि तेवढ्यावर काम होते. न ऐकल्यास ज्यांच्या यंत्रणेवर ते पान चालते त्यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. 52 व्या कलमाच्या तरतुदीप्रमाणे ज्यांच्यामार्फत मजकूर तात्पुरता साठवला जातो अशा मध्यस्थांनी योग्य तक्रार आल्यावर 21 दिवस तो रोखावा लागतो. तेवढ्यात न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर ते पुन्हा चालू करू शकतात.

दीनचा हिशेब

काही जण म्हणतात, हा इंग्रजांकडून आलेला कायदा आहे, शरिअतमध्ये कॉपीराइट कुठे आहे? या बाबतीत उलेमांमध्ये पूर्वी मतभेद होते. पुस्तक विकत घेतले की त्याची नक्कल करण्यास हरकत नाही असे म्हणणारेही होते. परंतु जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर 1988 मध्ये कुवेत येथील पाचव्या अधिवेशनात ठराव केला. व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध हे त्यांच्या मालकांचे हक्क आहेत, आजच्या व्यवहारात त्यांना किंमत आहे, शरिअतने ते मान्य केलेले आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करणे जायज नाही, असा त्या ठरावाचा आशय आहे.

मला स्वतःला तर साध्या गोष्टीवरून हे पटते. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, केवळ तौबा करून फिटत नाहीत. ज्याचा हक्क बुडवला त्याला तो परत करावा लागतो किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो. 11 फोटोंचा मालक मला सापडला, कारण त्याने नोटीस पाठवली. ज्याने नोटीस पाठवली नाही, त्याला मी कुठे शोधू?

बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी ढिगात हात घातला आणि वर कोरडे, आत ओले धान्य आढळले. अशा फसवणुकीपासून त्यांनी आपल्याला सक्त ताकीद दिली. आज ढीग वेबसाइटवर लागतो. फोटो रेशमी साडीचा आणि पार्सलमध्ये पॉलिस्टर, हे ओले धान्यच नव्हे काय? आता तर यंत्राच्या बुद्धीने जी साडी कधी विणलीच नाही तिचेही चित्र तयार होते. मालाचे चित्र म्हणून ते लावणे म्हणजे नसलेला माल दाखवणे होय.

आणि कागदाबद्दल म्हणाल, तर सूरह बकरहची 282 वी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्यास आणि साक्षीदार करण्यास सांगते. आपण निकाहनामा लिहितो, मग धंद्याच्या करारालाच 'आपलाच माणूस आहे' म्हणून का सोडतो?

डिझाइनरने पाळावयाच्या गोष्टी

1. काम सुरू करण्यापूर्वी एक पानाचा करार करावा. त्यात काम, रक्कम, मुदत, मालकी कोणाची आणि चित्रे कोण आणणार हे लिहावे.

2. प्रत्येक चित्र, फाँट आणि तयार कोड कुठून आणला, कोणत्या परवानगीने आणला, याची यादी ठेवावी. काम संपताना ती गिऱ्हाइकाला द्यावी. परवानगीची मुदत असेल तर तारीखही लिहावी.

3. परवानगी नसलेले चित्र शेठने आग्रह केला तरी लावू नये. नम्रपणे सांगावे, "शेठ, हे माझे नाही आणि तुमचेही नाही."

4. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, गिऱ्हाइकाच्याच नावावर नोंदवावे. पासवर्ड ही अमानत आहे. पैशाचा वाद झाला म्हणून वेबसाइट बंद पाडणे योग्य नाही. वसुलीचा रस्ता वेगळा आहे.

5. खुल्या लायसनचा कोड वापरला असेल तर तसे सांगावे. फुकट मिळालेली वस्तू स्वतः घडवली म्हणून विकू नये.

6. गिऱ्हाइकाचे नमुने, भाव आणि ग्राहकांची यादी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवू नये.

व्यापाऱ्यांसाठी दोन शब्द

दोष मुलांनाच देऊन भागणार नाही. 5,000 रुपयांत वेबसाइट मागायची, फोटोला वेगळे पैसे द्यायचे नाहीत, आणि तरीही मोठ्या शोरूमसारखी दिसली पाहिजे म्हणायचे, म्हणजे त्या मुलाला चोरीच्या रस्त्यावर आपणच ढकलणे आहे. फोटोचा खर्च हा दुकानाच्या फर्निचरसारखा खर्च समजावा. घासाघीस करा, तो बाजाराचा रिवाज आहे. पण दुसऱ्याच्या कष्टाची किंमत शून्य धरून घासाघीस करू नका.

आमच्या वेबसाइटचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या मुलाला मी काढले नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीजवळ पांढरी चादर बांधली, सकाळच्या उजेडात त्याने आमच्या मालाचे फोटो काढले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. फोटो पूर्वीइतके झगमगीत नाहीत. कापडाचा रंग मात्र जसा आहे तसाच दिसतो, आणि माल परत येण्याचे प्रमाणही कमी झाले आहे. आता कोणी नवा व्यापारी त्याच्याकडे काम घेऊन येतो तेव्हा तो आधी विचारतो, "फोटो कोणाचे आहेत?" आमच्या 35,000 रुपयांत तो एवढे शिकला असेल तर ते वाया गेले नाहीत, असे मी समजतो.

अल्लाहतआला आपणा सर्वांच्या कमाईत बरकत देवो आणि दुसऱ्याच्या हक्कापासून आपला हात दूर ठेवण्याची तौफिक देवो. आमीन.